नाव काढणे

जुलै उजाडला की आमच्या संगणक केंद्रात एक काम ठरलेलं असायचं. उत्तीर्ण होऊन गेलेल्या तुकडीचे ई-मेल पत्ते परीक्षा विभागाकडून एका फाइलमध्ये यायचे, एका ओळीवर एक, आणि ते विद्यार्थ्यांच्या मेलिंग लिस्टमधून काढून टाकायचे. मी नोकरीला लागले त्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. काळ्या पडद्यावर मी टाइप केलं: रिमूव्ह मेंबर्स, पुढे डॅश एफ, मग फाइलचं नाव, शेवटी यादीचं नाव. एंटर दाबणार तेवढ्यात सर म्हणाले, "अगं थांब, आधी डॅश एन घाल."

"त्यानं काय होतं?"

"काढलेल्यांना मेल जात नाही. नाहीतर दीडशे जणांना कळणार आपलं नाव काढलं म्हणून, आणि दीडशे जण इथं विचारायला येणार."

मी डॅश एन घातलं. अर्ध्या मिनिटात दीडशे नावं गेली. कोणालाही पत्ता लागला नाही.

मराठीत 'नाव काढणे' याचे दोन अर्थ आहेत. पोरानं नाव काढलं म्हणजे घराचा लौकिक वाढवला, आणि पटावरून नाव काढलं म्हणजे आता तो शाळेत नाही. त्या फाइलमधली मुलं दोन्ही अर्थांनी नाव काढलेली होती. ते एक अक्षर मात्र माझ्या मनातून गेलं नाही. ज्याचं नाव काढायचं त्याला सांगायचं की नाही, हा प्रश्न कमांडमध्ये शिरला कधी? कोणाला तरी तो आधी पडला असणार, त्याशिवाय त्याला एक अक्षर राखून ठेवलं नसतं.

'यादी' हा शब्द फारसी 'याद'वरून आला. याद म्हणजे स्मरण, आणि पुढे स्मरणासाठी लिहून ठेवलेला कागद. पेशवे दप्तरात 'याद' हा कागदाचा एक प्रकारच आहे. 'फडणीस'सुद्धा फारसी 'फर्दनवीस'वरून, म्हणजे फर्द लिहिणारा, नोंदींचा कागद सांभाळणारा. आणि चाकरीवरून दूर केलेला माणूस 'बडतर्फ', मुळात 'बरतर्फ', म्हणजे एका बाजूला सारलेला. यादी, ती राखणारा माणूस आणि तिच्यातून बाहेर काढलेला माणूस हे तिघंही आपल्या भाषेत एकाच दरबारी वाटेनं आलेत. ई-मेलच्या याद्यांनाही सुरुवातीला फडणीसच लागत असे.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये नेटवर्कवरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पहिला मेल पाठवला. त्यानंतर चारच वर्षांनी, ७ जून १९७५ रोजी, अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्पा या संशोधन विभागातले स्टीव्ह वॉकर यांनी 'एमएसजीग्रुप' ही सामूहिक चर्चा सुरू केली. चर्चेचा विषय खुद्द ई-मेलच होता: ती कशी असावी, तिचे शिष्टाचार काय असावेत. पत्त्यांची यादी आधी डेव्ह फार्बर यांनी सांभाळली, नंतर आयनार स्टेफरूड यांनी ते काम अंगावर घेतलं. हे काम हातानं व्हायचं. यादी म्हणजे एक साधी फाइल. नवा माणूस आला की एक ओळ वाढवायची, गेला की एक ओळ खोडायची. 'कमांड' म्हणजे माणसाला लिहिलेली चिठ्ठी: कृपया माझं नाव कमी करावं.

या चिठ्ठ्या कुठं पाठवायच्या याचा एक रिवाज हळूहळू पडला. यादीच्या नावाला 'रिक्वेस्ट' हा शब्द जोडून दुसरा पत्ता करायचा. यादीच्या पत्त्यावर लिहिलं तर सगळ्यांना जातं, 'रिक्वेस्ट'वर लिहिलं तर फक्त सांभाळणाऱ्याला. हा रिवाज इतका मुरला की १९९७ मध्ये इंटरनेटच्या एका अधिकृत नियमपत्रात तो लिहून काढावा लागला. मला या शब्दाचं कौतुक वाटतं. जाणाऱ्यानं 'विनंती' करायची आणि राखणाऱ्यानं ती मान्य करायची, हे नातं पत्त्यातच लिहिलेलं होतं.

बाहेर पडायची वाटच नसलेली यादी कशी असते, ते मे १९७८ मध्ये कळलं. डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थ्यूर्क यांनी आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचं निमंत्रण अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जवळपास ४०० जणांना एकाच मेलनं पाठवलं. पत्ते नेटवर्कच्या छापील पुस्तिकेतून टाइप करून घेतले होते. पत्ते इतके झाले की वरच्या रकान्यात मावेनात, उरलेले खाली मजकुरात सांडले. ज्यांना तो मेल आला त्यांनी काही मागितलं नव्हतं, म्हणून नकार तरी कुणाला कळवायचा? तक्रारी थेट नेटवर्क चालवणाऱ्या लष्करी कार्यालयाकडे गेल्या.

खरी कुळकथा मात्र बिटनेटवर घडली. १९८१ मध्ये सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कचे आयरा फुक्स आणि येल विद्यापीठाचे ग्रेडन फ्रीमन यांनी आपापल्या विद्यापीठांची आयबीएम यंत्रं जोडली आणि विद्यापीठांचं हे स्वस्त जाळं उभं राहिलं. तिथल्या मध्यवर्ती केंद्रात १९८४ च्या सुमारास 'लिस्टसर्व्ह' नावाचं खातं होतं. नावाच्या शेवटचं इंग्रजी 'ई' गळालेलं आहे, कारण त्या यंत्रांवर खात्याचं नाव आठ अक्षरांपेक्षा मोठं चालत नसे. मेल वाटायचं काम यंत्र करी, पण नावं घालायचं आणि काढायचं काम केंद्रातली माणसंच करीत. विनंत्या साचत, दिवस जात.

पॅरिसच्या एकोल सेंट्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या एरिक टोमा यांना ही दिरंगाई सहन होईना. १९८६ मध्ये त्यांनी स्वतःचं लिस्टसर्व्ह लिहिलं. त्यात मधला माणूसच काढून टाकला. 'सब्स्क्राइब', यादीचं नाव, आपलं नाव अशी ओळ सर्व्हरला पाठवायची की नाव लागलं. 'साइनऑफ' आणि यादीचं नाव पाठवलं की नाव गेलं. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्याआधी बाहेर पडण्यासाठीसुद्धा दुसऱ्याची मर्जी लागत होती. इथं प्रथमच सभासदाला स्वतःचं नाव स्वतः काढता आलं. नेटवर्कवरच्या सगळ्या याद्यांतून एकदम निघण्यासाठीही कमांड होती: साइनऑफ, मग यादीच्या नावाऐवजी एक तारा, आणि पुढे 'नेटवाइड'. नोकरी बदलणारा प्राध्यापक एका ओळीत शेकडो मैलांवरच्या सगळ्या याद्यांतून मोकळा व्हायचा. मला हा त्या काळचा फार उदार शोध वाटतो.

यादीच्या मालकालाही वेगळ्या कमांड मिळाल्या. 'ॲड' म्हणजे घाल, 'डिलीट' म्हणजे काढ. डिलीटच्या पुढे यादीचं नाव, मग पत्ता. पत्त्यात तारा वापरला तर एखाद्या यंत्रावरचे सगळेच्या सगळे सभासद एका फटक्यात जात. पूर्ण यादी हातात हवी असेल तर 'गेट' म्हणायचं. मग सर्व्हर ती यादी मालकाला पाठवी आणि तोवर तिला कुलूप घाली, म्हणजे मालक इकडे दुरुस्ती करत असताना तिकडे कोणी नाव घालू नये. दुरुस्त झाली की 'पुट' करून परत. जुन्या कारकुनानं खातेवही घरी नेली की दुसऱ्यानं तिच्यात नोंद करायची नाही, हीच ती रीत.

आणि माझ्या डॅश एनचं मूळ मला इथंच सापडलं. लिस्टसर्व्हनं कुणाला काढलं की ते त्या माणसाला कळवी: अमक्या मालकानं तुमचं नाव अमक्या यादीतून काढलं आहे. ही त्याची स्वाभाविक वागणूक होती. कळवायचं नसेल तर मालकाला डिलीटच्या आधी एक जादा शब्द लिहावा लागे: 'क्वाएट'. गुपचूप काढ. सांगणं आपोआप व्हायचं, न सांगण्यासाठी मात्र हात हलवावा लागायचा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं गरज ओळखली होती, कारण कधी पत्ता मेलेला असतो, कधी माणूस गेलेला असतो, कधी त्रास देणाऱ्याला नवं निमित्त द्यायचं नसतं. पण निःशब्द काढणं हा अपवाद राहील, अशी त्यानं मांडणी केली.

लोकांना ही नवी सत्ता वापरता येईपर्यंत बराच गोंधळ झाला. सर्व्हरचा पत्ता वेगळा, यादीचा वेगळा, आणि सभासद नेमके चुकत. 'माझं नाव काढा' हा मेल सर्व्हरला जाण्याऐवजी यादीवरच्या हजार जणांना जायचा. त्यावर दहा जण उत्तर देत की बाबा, हे इथं पाठवू नकोस, आणि ती उत्तरंही हजार जणांना. ती वाचून वैतागलेले आणखी वीस जण लिहीत: माझंही काढा. ज्यांनी नव्वदच्या दशकात याद्या चालवल्या त्यांना हे दुष्टचक्र पाठ आहे. पुढे सर्व्हरच असे मेल ओळखून मधेच अडवू लागले.

हाताचं काम किती जड होतं याची लेखी साक्ष आहे. मार्च १९९१ मध्ये ॲन वेस्टाइन आणि जॉन पोस्टेल यांनी मोठ्या याद्या सांभाळताना येणाऱ्या अडचणींवर एक टिपण इंटरनेटच्या नियमपत्रांच्या मालिकेत प्रसिद्ध केलं. पोस्टेल म्हणजे त्या मालिकेचे संपादक, इंटरनेटच्या पायाभरणीतलं मोठं नाव. त्यांच्या कार्यालयालाही परत आलेल्या मेलांनी हैराण केलं होतं. त्यातली सगळ्यात किचकट गोष्ट अशी: यादीत पत्ता असतो 'अ', तो मेल पुढे पाठवतो 'ब'कडे, 'ब' बंद पडलेला असतो. परत आलेल्या मेलात 'ब'चं नाव असतं आणि यादीत 'ब' कुठेच नसतो. मग काढायचं कोणाला? राखणाऱ्यानं डोळ्यांत तेल घालून अंदाज बांधायचा.

पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, ब्रेंट चॅपमन यांनी कॅलिफोर्नियात 'मेजरडोमो' लिहिलं. सतरा याद्या एकट्यानं सांभाळताना 'रिक्वेस्ट'वर येणाऱ्या चिठ्ठ्यांना उत्तरं द्यायची पाळी येऊ नये, हा त्यांचा उघड हेतू होता. त्यावरच्या त्यांच्या निबंधाचं शीर्षकही तेच सांगतं. मेजरडोमो हा शब्द मुळात लॅटिन, अर्थ 'घरातला थोरला'. श्रीमंताच्या वाड्यावरचा कारभारी म्हणा. हा कारभारी युनिक्सवर चालायचा आणि फुकट होता, त्यामुळे तो जगभर पसरला.

त्याच्याकडे मालकाची कमांड अशी होती: 'अप्रूव्ह', मग पासवर्ड, मग 'अनसब्स्क्राइब', यादी, पत्ता. पासवर्ड मेलात उघडा लिहिलेला. वाटेत कुणी वाचला तर यादी त्याची. पण मला त्यातला शब्द लक्षात राहिला. लिस्टसर्व्हचा मालक 'डिलीट' म्हणायचा, म्हणजे हुकूम. मेजरडोमोचा मालक 'अप्रूव्ह' म्हणतो, म्हणजे मंजुरी. नाव जाण्याची विनंती आधी कुणीतरी केलेली आहे आणि मालक तिच्यावर सही करतो आहे, असा तिचा घाट. तसं घडायचंही. सभासदानं एका पत्त्यावरून लिहिलं आणि यादीत त्याचा दुसराच पत्ता असला, तर मेजरडोमो स्वतः निर्णय घेत नसे. ती विनंती तो मालकाकडे पाठवी.

आपल्याकडे ही अडचण नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरोघर आली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यांच्या पत्त्यात 'गियास' या अक्षरांपुढे शहराची खूण आणि आकडा असे: मुंबईला 'बीएम', पुण्याला 'पीएन'. पुढे ही सर्व्हरांची नावं बदलली. जुन्या पत्त्यावर घेतलेल्या यादीतून नव्या पत्त्यावरून निघायला गेलं की सर्व्हर म्हणायचा, या नावाचा सभासदच नाही. मेल तर रोज येतोय. फोन लावून, मिनिटांचे पैसे मोजून मेल उतरवून घेणाऱ्याला ही थट्टा वाटायची. अशा वेळी एकच उपाय उरे. यादीच्या मालकाला, म्हणजे बहुधा अमेरिकेतल्या कुठल्यातरी विद्यापीठातल्या अनोळखी माणसाला, हात जोडून लिहायचं. पुन्हा विनंतीच.

मधल्या काळात आणखी एक धोका उघड झाला. मेलवरचं पाठवणाऱ्याचं नाव खोटं लिहिता येतं. १९९६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत कुणीतरी नामांकित लोकांच्या नावानं हजारो याद्यांना सभासद होण्याच्या खोट्या विनंत्या पाठवल्या आणि त्यांच्या टपालपेट्या बुडवून टाकल्या. जसं खोटं घालता येतं तसंच खोटं काढताही येतं. तेव्हापासून 'खरंच का?' असं विचारणारा उलट मेल सर्रास झाला. त्यात एक सांकेतिक अंक, आणि तो उत्तरातून परत पाठवायचा. लिस्टसर्व्ह, मेजरडोमो, सगळ्यांनीच ही रीत घेतली.

पोस्टेल यांच्या टिपणातल्या 'अ' आणि 'ब'च्या कोड्याचं उत्तर डॅन बर्नस्टाइन यांनी १९९७ च्या सुमारास दिलं, आणि ते इतकं सोपं आहे की वाचताना हसू येतं. प्रत्येक सभासदाला जाणाऱ्या पाकिटावर परतीचा पत्ता वेगळा लिहायचा, आणि त्या परतीच्या पत्त्यातच सभासदाचा पत्ता गुंफायचा, मधल्या 'ॲट'च्या खुणेऐवजी बरोबरची खूण टाकून. मेल कुठूनही परत येवो, मजकूर काहीही असो, पाकिटावरच लिहिलेलं असतं की मूळ नाव कोणाचं. आता यंत्राला स्वतःहून मृत पत्ते काढता येऊ लागले.

मी ज्यावर काम शिकले ते 'मेलमन'. जॉन व्हिएगा यांनी ते मुळात डेव्ह मॅथ्यूज बँड या अमेरिकी वाद्यवृंदाच्या चाहत्यांच्या यादीसाठी लिहिलं. त्यांची डिस्क बिघडली आणि मूळ लेखन गेलं, पण केन मॅनहायमर यांच्याकडे एक प्रत होती, म्हणून ते वाचलं. पुढे बॅरी वॉर्सॉ यांनी ते वाढवलं आणि १९९९ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. मेलमनचा परत आलेल्या मेलांचा हिशेब मी अनेकदा पाहिला आहे. मेल कायमचा नाकारला गेला तर एक गुण, तात्पुरता असेल तर अर्धा, आणि एका दिवसात एकदाच मोजायचा. पाच गुण झाले की मेल थांबतो, पण नाव राहतं. मग आठवड्याला एक अशा तीन सूचना जातात. त्यालाही उत्तर आलं नाही तरच नाव निघतं. हे आकडे मालकाला बदलता येतात, पण न बदलता मिळतात ते हे. एका निर्जीव पत्त्याला यंत्र तीन आठवडे हाक मारतं.

त्याच मेलमनमध्ये रिमूव्ह मेंबर्स आहे, आणि तिथंही लिस्टसर्व्हचाच क्रम टिकलेला आहे. काहीच लिहिलं नाही तर यादीच्या ठरावाप्रमाणे निरोपाचा मेल जातो. न पाठवण्यासाठी डॅश एन. मालकालाही कळवायचं नसेल तर मोठं एन. क्वाएटचा शब्द झिजून एका अक्षरावर आला, इतकंच.

बाकी जगानं नंतर वेगळी वाट धरली. १९९८ मध्ये मेलाच्या शीर्षभागातच 'बाहेर पडायचा पत्ता' लिहायची सोय ठरली, अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानं जाहिरातदारांना दहा कामाच्या दिवसांत नाव काढणं बंधनकारक केलं, आणि २०२४ पासून गूगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत निघण्याची सोय सक्तीची केली. सभासदाच्या हातात आता पूर्वीपेक्षा खूप काही आहे. मालकाच्या हातातली कमांड मात्र होती तशीच राहिली.

त्या पहिल्या जुलैनंतर ऑक्टोबरात एक मुलगा केंद्रात आला. परभणीहून रात्रीच्या गाडीनं आला होता. अनामत रक्कम परत घेण्याची मुदत सप्टेंबरअखेर संपली होती आणि लेखा विभागानं ते ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या यादीवर कळवलं होतं. "मॅडम, मला मेल आलाच नाही," तो म्हणाला. मी नोंदी उघडून पाहिल्या. त्याचा पत्ता माझ्या फाइलमध्ये होता, एक्केचाळिसाव्या ओळीवर. यादी त्याला अजून मेल पाठवते आहे असंच तो धरून चालला होता, कारण थांबल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. अर्जविनंत्या करून पैसे त्याला मार्चमध्ये मिळाले.

पुढच्या जुलैत मी सरांना म्हटलं, यंदा डॅश एन नको. मेलमनमध्ये निरोपाच्या मेलात जोडायच्या मजकुराचा एक रकाना असतो. आमच्या यादीचा तो पहिल्यापासून रिकामा होता. त्यात मी चार ओळी लिहिल्या: तुमचं नाव आजपासून या यादीत नाही, यापुढच्या सूचना कुठं लागतील, अनामतीचा अर्ज कुठं मिळेल, आणि माजी विद्यार्थ्यांच्या यादीत यायचं असेल तर कोणाला लिहायचं. सरांनी वाचलं आणि खाली स्वतःच्या टेबलावरच्या फोनचा नंबर घातला.

दीडशे येतील म्हणाले होते. दहा-अकरा जणांचे मेल आले. बहुतेकांना दुसऱ्या यादीत नाव हवं होतं. त्यांचे पत्ते एका फाइलमध्ये उतरवून, एका ओळीवर एक, मी त्याच दुपारी ॲड मेंबर्स ही कमांड चालवली.